पाद्रीबाबाच्या बंगल्याचं बाजूचं दार

पिंपरीत रुळांच्या पलीकडे, पवनेच्या अंगाला काळ्या दगडाचा एक बंगला होता. सगळे त्याला पाद्रीबाबाचा बंगला म्हणत. पाद्रीबाबा माझ्या जन्माआधीच बोटीत बसून मायदेशी गेले होते, पण आमच्याकडे एकदा चिकटलेलं नाव सुटत नाही. आज तिथे कंपनीचं गोदाम आहे आणि ट्रकवाले गोदामालाही तेच म्हणतात. "माल कुठं उतरवू?" "पाद्रीबाबाला." हे कानावर आलं की मी मान खाली घालते. तो बंगला पाडा, असं लेखी पहिल्यांदा मी मागितलं होतं.

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील मशीन शॉपला होते आणि युनियनच्या कमिटीवर. सायक्लोस्टाइल करून उरलेली पत्रकं ते घरी आणत. कोरी बाजू माझ्या गणितांना आणि छापील बाजू वाचनाला, अशी वाटणी होती. मला 'बदक' लिहिता येण्याआधी 'निषेध' वाचता येत होतं. शाळेत बाईंनी 'म'वरून शब्द विचारला तेव्हा बाकीच्या मुली मका, मगर म्हणाल्या आणि मी 'मागणी' म्हणाले. बाई हसल्या. हसण्यासारखं काय होतं ते मला बरीच वर्षं कळलं नाही.

बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराला वडील मोशीचं घर सोडून कंपनीत लागले. कंपनीनं चर्चच्या संस्थेकडून मोठी जमीन घेतली होती आणि तिच्यावर हा बंगला होता. भोवती तारेचं कुंपण पडलं, पलीकडे शेड उभ्या राहिल्या, पण बंगल्याचं काय करायचं ते कुणालाच सुचत नव्हतं. युनियननं कामगारांसाठी वाचनालय मागितलं. कंपनीनं पुढची मोठी खोली आणि तिच्या शेजारची अभ्यासिका देऊन टाकली. मागच्या स्वयंपाकघरात पाद्रीबाबाच्या खानसाम्याची विधवा राहत होती, ती तशीच राहिली. ती मूळची नगरकडची, ख्रिस्ती. नऊवारी नेसायची, चष्म्याला दांडीऐवजी सुतळी बांधायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो.

आम्ही राहायचो पत्र्याच्या चाळीत. उन्हाळ्यात दुपारी पत्रा असा तापायचा की खाटेचा लोखंडी दांडा हाताला चटका द्यायचा. त्या वेळी शाळकरी मुलं बंगल्यात पळायची. बाहेर ऊन मी म्हणत असायचं आणि आत पाय टाकला की अंगावरून गार हात फिरल्यासारखं वाटायचं. पंखा नव्हता. वीज फक्त पुढच्या खोलीत होती, तीही एका दिव्यापुरती.

हा गारवा भिंतींचा आहे असं मला वाटायचं, कारण भिंती हातभर जाड होत्या. मावशी म्हणायची, "भिती कुठल्या थंड करत्यात. घर फिरवावं लागतं."

घर फिरवणं हा तिचा शब्द. सकाळी ऊन पूर्वेच्या खिडक्यांवर यायच्या आत ती त्यांच्या सागवानी झडपा ओढून घ्यायची आणि पश्चिमेच्या उघडायची. दुपारी उलटं. दक्षिणेची मोठी खिडकी हिवाळाभर उघडी, उन्हाळाभर बंद. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अभ्यासिकेचं बाहेर उघडणारं दार दुपारी वीतभर उघडं ठेवायचं, दगड लावून. त्याच्या समोरच्या भिंतीत शेकोटीची कमान होती आणि तिच्यावर छपरापर्यंत गेलेलं धुराडं. मावळातल्या थंडीत तिथं महिनाभर लाकडं जळत असतील नसतील, पण उन्हाळ्यात ते धुराडं घरातली तापलेली हवा वर ओढून घ्यायचं आणि दाराच्या फटीतून चिंचेखालची गार हवा आत यायची. मावशीनं मला एकदा कमानीत कागदाचा कपटा धरायला लावला. मी बोटं सोडली तर कपटा खाली न पडता वर गेला. तेव्हापासून दुपारची पाळी माझी. शाळेतून आले की दप्तर टाकायचं आणि घर फिरवायचं. एखादी झडप विसरले की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "बये, घर येका कुशीवर झोपलंय. उठीव त्याला."

अभ्यासिकेत शाईनं काढलेलं एक चित्र काचेत लावलेलं होतं. इंग्लंडातल्या कुठल्याशा खेड्यातलं पाद्र्याचं घर. पाद्रीबाबांचे वडीलही पाद्री होते आणि त्याच घरात पाद्रीबाबा जन्मले. इथे बांधायची वेळ आली तेव्हा त्यांनी मिस्त्रीपुढे हेच चित्र ठेवलं. आमचा एक खेळच होता: चित्र बघायचं, मग बाहेर धावत जाऊन बंगला बघायचा आणि फरक सांगायचे. दोन्हीकडे उंच उतरतं छप्पर, दोन्हीकडे दोन धुराडी, दर्शनी बाजूला वर त्रिकोण होत गेलेली भिंत, तिच्यात गोल खिडकी. चित्रातल्या छपरावर पातळ दगडाची चकती चकती, आमच्याकडे मंगलोरी कौलं. छपराचा उतार तिथे बर्फ घसरावं म्हणून होता, इथे तो आषाढाला उपयोगी पडला. चित्रात धुराड्यातून धूर निघत होता, आमच्याकडे साळुंक्या.

मोठा फरक एकच होता. चित्रातल्या घराला ओसरी नव्हती.

त्या मुलखात सूर्य हवाहवासा, म्हणून घराचं तोंड दक्षिणेला आणि खिडकी माणूस उभा राहील एवढी. पाद्रीबाबांनी तेच तसंच्या तसं पिंपरीत केलं. मिस्त्री म्हणाला म्हणे, "साहेब, या तोंडानं ऊन पण खाल आणि पाऊस पण." साहेबांनी ऐकलं नाही. पहिल्या उन्हाळ्यात टेबलावरची मेणबत्ती न पेटवता वाकली आणि पहिल्या पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी आली. मग निमूटपणे तिन्ही बाजूंनी ओसरी घातली. मूळ भिंत आणि ओसरी यांचा सांधा कधीच एकजीव झाला नाही. बोटाच्या पेराएवढी रेघ खालपासून वरपर्यंत दिसायची. भिंतीचा दगड घडीव, चौकोनी, ओसरीचा नुसता छिन्नी मारलेला. मी त्या रेघेवर गाल टेकवून बसायचे. एका बाजूला चित्रातलं घर, दुसऱ्या बाजूला आमचं. ओसरीचा दगड वाहायला माझे आजोबा होते. मोशीहून पायी यायचे.

या आजोबांमुळेच पुढे सगळं घडलं. मी त्यांना पाहिलेलं नाही. वडिलांच्या सांगण्यात ते दोन वाक्यांत यायचे: बंगल्याचा दगड वाहिला, आणि दुपारी पाणी वरून ओंजळीत घेतलं.

कॉलेजला गेले तोवर मी युनियनची पत्रकं वाचण्याऐवजी लिहायला लागले होते. छोट्या सभेची, शोकसभेची, कुणाच्या निलंबनाच्या निषेधाची. लिहायची जागा ठरलेली, अभ्यासिकेतल्या खिडकीचा कट्टा. भिंत जाड, त्यामुळे खिडकीच्या खोबणीत पाय दुमडून बसता येईल एवढी फळी होती. शेजारी ते बाजूचं दार. घराचं मुख्य दार दर्शनी बाजूला, दोन पायऱ्या आणि कमान असलेलं. आणि हे दार बाजूला, चिंचेच्या आड, साधं, उंच, बाहेरून थेट अभ्यासिकेत उघडणारं. या दारानं आलेल्या माणसाला बाकीचं घर दिसत नसे. चित्रातही ते होतं. त्याच्याशी एक बारीकसा माणूस उभा होता, टोपी हातात घेऊन.

मी लहानपणापासून ते दार बघत होते आणि एक दिवस मला ते 'कळलं'. आमच्या माणसांना वेगळं दार म्हणजे काय हे कुणी शिकवावं लागत नाही. मोशीत पाटलाच्या घराला असं दार होतं, शाळेलाही एके काळी होतं. चित्रातला माणूस टोपी काढून बाहेर उभा आहे, म्हणजे तिकडचा गरीबही तसाच. माझं डोकं पेटलं. एका बैठकीत मी पत्रक लिहून काढलं. मथळा होता, 'साहेबाचा बंगला पाडा, कामगाराला घर द्या'. आजोबांचा दगड होता, ओंजळ होती आणि बाजूचं दार होतं. 'ज्या दारानं आमच्या बापजाद्यांना घरापासून तोडलं, त्या दारासकट ही गुलामीची खूण जमीनदोस्त करा आणि या जागेवर कामगारांची वसाहत बांधा, ही आमची मागणी आहे.'

वडिलांनी पत्रक दोनदा वाचलं.

"कुठं बसून लिहिलंस?"

"अभ्यासिकेत."

"म्हणजे साहेबाच्या घरात बसून साहेबाचं घर पाडा म्हणतीस."

"घर त्याचं कसं? दगड आजोबांनी वाहिलाय."

"मग आजोबांचं घर पाडा म्हणतीस."

मला राग आला. मी म्हणाले, "आबा, तुम्हाला भीती वाटत असेल तर कमिटीला विचारू नका. मी हातानं लिहून वाटीन." ते हसले. कागद घडी करून खिशात घातला. माझ्या पत्रकातला एकही शब्द त्यांनी कधी कापला नव्हता. हाही कापला नाही. दोन दिवसांनी पहिल्या शिफ्टला गेटवर पत्रक वाटलं गेलं. खाली कमिटीच्या सह्या होत्या.

दुपारी मी नेहमीसारखी घर फिरवायला गेले. मावशी ओसरीवर बसून पत्रक वाचत होती. तिला वाचता येतं हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. रोज तिच्या मांडीवर बायबल बघत होते, तरीही.

"दाराचं खोटं लिवलंस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. जेवण झालं का विचारावं तसा होता.

"खोटं कसं? वेगळं दार आहे की नाही?"

"हाय की. कुणासाठी ते इचारलंस का कधी? ज्याला काय सांगायचंय, रडायचंय, कुणी बघायला नको म्हून, त्याच्यासाठी. नवऱ्यानं मारलेली बाई पुढच्या दारानं येती व्हय, समद्यांच्या म्होरं? साहेबाच्या बापाच्या घराला बी तसंच हाय. म्हून त्या दाराला भायेरनं कडी न्हाई. बघून ये जा."

मी गेले. बारा-तेरा वर्षं मी त्या दाराला दगड लावत होते. बाहेरच्या बाजूला ना कडी, ना कडीची खूण. आतून एक खिटी, तीही झिजलेली.

परत आले तर ती चष्मा पुसत होती. मी विचारलं, "मग ओंजळीत पाणी?"

तिनं चष्म्याची सुतळी कानामागं बांधली आणि म्हणाली, "ते खरं. वरनंच वाढायचे. पर ते साहेबानं न्हाई केलं. माज्या सासऱ्यानं केलं. माज्या नवऱ्याआदी त्योच खानसामा हुता. बाटलो आमी, पर जात संगट घिऊन बाटलो. साहेबाला मराठी कळायची, एवढं न्हाई कळायचं." मग तिनं पत्रकाची नीट घडी घातली. "हे लिवायचं हुतंस. मी सांगितलं असतं."

मला तिच्याजवळ बसवेना आणि उठवेना. झडपा राहून गेल्या. त्या दिवशी ती मला हाक मारून ओरडली नाही.

युनियनच्या मागण्यांची यादी दीड वर्ष पडून होती. पाळीचा भत्ता, कँटीन, कायम करणं. एकाही मागणीला उत्तर येत नव्हतं. आमच्या पत्रकाला आठवड्यात आलं. कमिटीला आत बोलावलं, चहा दिला. पर्सोनेल ऑफिसर म्हणाले की व्यवस्थापन कामगारांच्या भावनांचा आदर करतं. वडिलांनी घरी येऊन सांगितलं ते असं:

"ते म्हणाले, इतकी वर्षं आमचे हात बांधलेले होते. जमीन घेताना चर्चनं अट घातली होती, बंगला लोकांच्या उपयोगाचा आहे तोवर पाडायचा नाही. आता लोकच लेखी म्हणतायत नको. असं म्हणून तुझं पत्रक फायलीत लावलं. भोक पाडून, व्यवस्थित."

"आणि वसाहत?"

"विचारलं. म्हणाले, बघू. आधी गोदामाची गरज आहे."

मग आबा पहिल्यांदा त्या विषयावर चिडले, पण माझ्यावर नाही. "सह्या आम्ही केल्या. वाचून केल्या. पोरीनं लिहिलंय, जोरात लिहिलंय, एवढंच बघितलं."

मी दुसरं पत्रक लिहिलं. 'बंगला वाचवा.' वडिलांनी ते घेतलं नाही. मान्य झालेल्या मागणीविरुद्ध आंदोलन कसं करतात हे त्यांना माहीत नव्हतं, कुणालाच नव्हतं. मी हट्टानं गेटवर उभी राहून तोंडी सांगायला लागले. दोघं-तिघं थांबले. एक जण म्हणाला, "ताई, परवा पाडा म्हणत होता, आज पाडू नका. शिफ्ट बदलली का तुमची?" बाकीचे हसले. त्यात वाईट कुणी नव्हतं. त्यांना बस पकडायची होती. दुसरा म्हणाला, "राव, पण थंड होता बंगला. आमची पोरं तिथंच पास झाली," आणि तोही बसकडे गेला.

चर्चच्या संस्थेला मी पत्र लिहिलं, तेव्हा तिथून सभ्य भाषेत कळलं की स्थानिक लोकांच्या इच्छेविरुद्ध जाण्याचा त्यांचा विचार नाही. स्थानिक लोक म्हणजे मी.

राहिली मावशी. तिला कंपनीनं नगरला भाचीकडं जायचं रेल्वेचं तिकीट देऊ केलं. ती म्हणाली, "भाचीच्या घरात येकच खिडकी हाय, ती बी तिच्या सासूच्या ताब्यात." आईनं तिला आमच्याकडं ये म्हटलं. ती झडपा बघायला उठली.

पाडायच्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा ती पूर्वेच्या झडपा ओढत होती. माणसं छपरावर चढली होती, कौलं उतरवत होती आणि खाली ही खोली खोली फिरत होती. मी पश्चिमेच्या उघडल्या. अभ्यासिकेच्या दाराला दगड लावला. वर कौलं नसल्यानं ऊन थेट आत पडलं होतं आणि धुराड्याला ओढायला काही उरलं नव्हतं, तरी आम्ही दोघींनी घर पूर्ण फिरवलं. मग तिनं भिंतीवरचं चित्र काढून पदराखाली घेतलं आणि बाहेर जाऊन चिंचेखाली बसली.

ओसरी आधी गेली. सांधा कधी एकजीव झालेला नव्हता, म्हणून ती एका दिवसात सुटली. मूळ घराला मात्र आठवडा लागला. ओसरी गेल्यावर दोन दिवस, उतरवलेली कौलं सोडली तर, तो बंगला हुबेहूब चित्रासारखा दिसत होता. मी तेवढ्यासाठी रोज जात होते. आणि खरं सांगायचं तर मला तो परका वाटला. उन्हात उघड्या तोंडानं उभा. माझ्या आजोबांच्या दगडांशिवाय ते घर पिंपरीत एक उन्हाळासुद्धा काढू शकलं नसतं. पत्रकात लिहायचं वाक्य हे होतं. ते मला तेव्हा सुचलं, जेव्हा दगड ट्रकमध्ये भरले जात होते.

तिसऱ्या दिवशी वडील शिफ्ट संपवून तिघा जणांसोबत आले आणि मुकादमाकडून बाजूचं दार मागून घेतलं. भाड्याच्या सायकलींवर आडवं टाकून चालत चालत पिंपळे गुरवला नेलं. तिथे युनियननं वाचनालयासाठी खोली घेतली होती. विटांच्या भिंती, वर पत्रे. दार लावायला गेले तर ते चौकटीपेक्षा हातभर उंच. सुतार म्हणाला, कापतो. वडीलही म्हणाले, काप. मी म्हणाले, नाही.

"मग काय करू, छप्पर उचलू?" सुतारानं विचारलं.

"उचला."

त्यांनी खरोखर उचललं. त्या बाजूची भिंत दोन थर वाढवली, पत्रे तिरके चढवले. खोली बाहेरून अशी दिसते की कुणीतरी एक खांदा उडवून उभं आहे. लोक विचारतात, मिस्त्री नवखा होता का? होय म्हणते. वाढवलेल्या भिंतीच्या वर पत्रा आणि विटा यांच्यात चार बोटं फट राहिली. ती बुजवायला मिस्त्री शिडी लावत होता तेव्हा मावशी पहिल्यांदा तिथं आली. आत उभी राहून तिनं वर बघितलं, दार वीतभर उघडलं, फटीखाली हात वर करून हवा बघितली. मिस्त्रीला म्हणाली, "उतर खाली. ऱ्हाऊ दे ती."

तेव्हापासून ती मागच्या पडवीत राहते आणि वाचनालय उघडते. दाराला बाहेरून कडी लावू दिलेली नाही. वर्तमानपत्रांखेरीज चोरीला जाण्यासारखं काही नाही आणि तीही शिळी असतात.

पत्रकाला शुद्धिपत्र जोडायची आमच्यात पद्धत नाही. चुकलं तर पुढचं पत्रक आणखी जोरात लिहायचं, अशी रीत आहे. मीही काही वर्षं तेच केलं. म्हणून हे इथे लिहून ठेवते आहे: दार खोटं होतं, ओंजळ खरी होती, आणि दोन्ही मला एकाच बाईनं सांगितलं.

चित्र आता पिंपळे गुरवच्या भिंतीवर आहे. दुपारी पोरं येतात, त्यांनी बंगला पाहिलेला नाही. परवा एक लहान मुलगी चित्रासमोर उभी राहून खोलीत इकडेतिकडे बघत होती. चित्रात धुराडी, इथे नाहीत. चित्रात गोल खिडकी, इथे एकच चौकोनी, तिचाही एक गज गेलेला. बघता बघता ती चित्रातल्या त्या टोपीवाल्या माणसापाशी थांबली, मग तिनं मागे वळून आमच्या दाराकडे बघितलं आणि दाराशी जाऊन त्याच्यासारखी उभी राहिली.

"उभी काय ऱ्हातीस," मावशी आतून म्हणाली, "आत ये. आन येताना त्यो दगड लाव. घर फिरवायचंय."